भीमाशंकर: घाटाने चढा, शेकरूसाठी एक सकाळ ठेवा

कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडस गाठायचं. तिथून वर जायला दोन वाटा. गणेश घाट लांबचा, पण सरळ. रमतगमत पाच-सहा तास धरा. शिडी घाट जवळचा, मात्र लोखंडी शिड्यांच्या मधला कातळ उघड्यावर आहे आणि जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं. पावसाळ्यात तिकडे फिरकूच नका. उतरताना तर कोरड्या दिवसांतही गणेश घाटच बरा, कारण कड्यावर उतरताना पाय ठेवायची खाच दिसत नाही.

दोन्ही वाटा पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, एकत्र येतात. तिथून वरचा चढ दाट झाडीतून जातो. बरेच जण इथेच पाणी संपवतात. माणशी तीन लिटर घ्या. होळीनंतर वाटेतल्या ओढ्यांच्या भरवशावर राहू नका. कड्याच्या कपारीत आग्या मोहळं असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको.

माथ्यावर १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा आणि खाली माजलेली कारवी. कड्याकाठची झाडं वाऱ्याने खुरटलेली, आतली उंच. फांदीला फांदी भिडलेली असते ती आतच, आणि शेकरूला, म्हणजे इथल्या मोठ्या खारीला, तेच हवं असतं: ते शक्यतो जमिनीवर उतरत नाही.

त्यामुळे मंदिराच्या पायऱ्यांवर ते शोधू नका. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर उजाडताच जा. आधी घरटी हेरा: डहाळ्या-पानांचे मोठे गोळे, टोकाच्या बारीक फांद्यांवर. जड शिकारी तिथवर पोचत नाही. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे जनावर आत आहेच असं नाही. खाली ताजी कुरतडलेली फळं पडली असतील तर मात्र तिथेच बसा. खडखडाटी ओरडणं ऐकू आलं की आपण दिसलोय, हे समजायचं. मग ते खोडाला चिकटून निपचित होतं. झाडाभोवती फेऱ्या मारण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं गप्प राहा. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट, फिकट टोकाची लांब शेपटी. दुपारी ते फांदीवर पसरून झोपतं, म्हणून अकरानंतर दुर्बीण पिशवीत गेली तरी चालेल. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. सावलीत जास्त मोठेपणापेक्षा उजेड कामाला येतो.

भर पावसात शेकरू क्वचित दिसेल, पण ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो. कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजळणारी बुरशी याच दिवसांतली. ती पाहायला वन खात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या हवाच. विजेरी विझवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. माकडांना काही देऊ नका, खाऊची पिशवी हातात धरलीत तर ती ओढून नेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा मधला वार, आणि मुक्काम आदल्या रात्री वरच.