तुम्ही विचारलंत म्हणून : नक्की करता तरी काय?

लग्नात कॅमेरा घेऊन उभा असलो की हमखास कुणीतरी जवळ येतं. "तुम्ही त्या मालिकेत हवालदार होता ना? मग इथं कसं काय?" नाट्यगृहात भेटलेले विचारतात, "पिक्चर काढता म्हणे, मग अजून नाटकात कशाला?" प्रश्न एकच : तुमचं खरं काम कुठलं? आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेत आलो. आज नीट सांगतो.

सुरुवात नाटकापासून झाली. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात मला सात वाक्यं मिळाली होती. त्याच वर्षी एका व्हिडिओवाल्याकडे लाइट धरायला लागलो. तेव्हा मिनी डीव्ही कॅसेट होती, साठ मिनिटांची. उस्तादांनी पहिला धडा दिला : अंतरपाट धरायच्या आधी कॅसेट बदलायची, जुनीत दहा मिनिटं शिल्लक असली तरी. एकदा मी ते ऐकलं नाही. शेवटच्या मंगलाष्टकेला कॅसेट संपली. नवी घालून डोळा लावेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीच्या आजीला दोघींनी धरून मांडवात आणलं होतं. तिच्या थरथरत्या हातातल्या अक्षता त्या कॅसेटमध्ये नाहीत. मला त्या अजून दिसतात.

पुढं सोलापूरच्याच सिद्धेश्वर यात्रेत, जिथं सिद्धरामांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यासमोर कॅमेरा लावला, तेव्हा हाच धडा कामी आला. सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नजर जाईल तिथपर्यंत गर्दी. अक्षता एकदाच पडणार. त्या क्षणाआधी श्वास कसा रोखायचा हे मला कुठल्याही शिबिरात शिकायला मिळालं नसतं.

एकाच माणसानं दोन-तीन कामं करणं आपल्या भागाला नवं नाही. डॉ. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते आणि सिनेमेही करत होते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे स्वतःच दिग्दर्शित केलेल्या 'फँड्री'त अभिनय करतात. पुढं 'सैराट'चा कॅमेरा सांभाळणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी 'नाळ' दिग्दर्शित करतात, तेव्हा मंजुळे त्यात वडिलांची भूमिका करतात. कोण नट, कोण दिग्दर्शक, ही वाटणी बाहेरून बघणाऱ्याला लागते. सेटवर ज्याच्या हाताला जे जमतं ते तो करतो.

आता खरं सांगायचं ते. वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामगार होते. त्यांच्यावर मला वीस मिनिटांची फिल्म करायची होती. संवाद मी अगदी हळुवार लिहिले होते. वडिलांनी वाचून घेतले आणि म्हणाले, "मागावरचा माणूस घरात तरी हळू बोलतो का रे?" खरंच होतं. आमच्या घरात मीठ मागायचं तरी आवाज शेजारच्या घरात जायचा. कारखान्यात तर बोलणं निम्मं हातानंच : दोन बोटं ओठाशी नेली की चहा, मनगटावर टिचकी मारली की सुट्टीला किती वेळ राहिला. मी सगळे संवाद फाडून नव्यानं लिहिले. ऐनवेळी पुण्याच्या नटाच्या तारखा फिरल्या, म्हणून वडिलांचा रोल मीच केला. कॅमेरा लग्नाला माझ्यासोबत येणाऱ्या पोरानं धरला.

अडचण आवाजाची होती. मला डबिंग नको होतं, आणि सोळा माग चालू असताना शेडमध्ये एक शब्द ध्वनिमुद्रित होत नाही. म्हणजे माग थांबवायला हवेत. कारखानदार भला माणूस, तो तयार झाला. पण कामगाराची मजुरी मालावर असते. माग थांबला की त्याचीही मजुरी थांबते. दोन तासांच्या शांततेचे पैसे मालकाला द्यायचे आणि प्रत्येक कामगारालाही द्यायचे, असं ठरवलं. ते कुठून आणणार? एका मालिकेचे बारा दिवसांचे पैसे निर्मात्यानं आजतागायत दिलेले नाहीत. लग्नाच्या ऑर्डरचे निम्मे मात्र हळदीच्या आधी हातात असतात. त्या लग्नसराईत मी चार लग्नं जास्तीची घेतली, आणि त्यातून ते दोन तास विकत घेतले.

म्हणून कुणी "पोटासाठी लग्नं करता का?" असं कीव करत विचारलं की मला वाईट वाटतं. लग्नं नसती तर ती फिल्म झाली नसती. नाटक नसतं तर तो रोल मी केलाच नसता.

माग थांबले तेव्हा कान सुन्न झाले. वरच्या काचेतून आलेल्या उन्हात कापसाचा तूस तरंगत होता. कांडीच्या मशीनजवळच्या मावशी शेजारणीशी काहीतरी बोलल्या, सवयीनं ओरडूनच, आणि स्वतःच दचकल्या. तोही आवाज आम्ही घेतला.

दोन तास संपले. मुकादम दारात येऊन म्हणाले, "झालं का ओ? करू का चालू?" मी मान हलवली, पण रेकॉर्डर चालू ठेवायला सांगितलं. पहिला माग लागला. मग पलीकडचा. मग खिडकीजवळचा, वडिलांचा. सोळाच्या सोळा लागायला तीन-एक मिनिटं गेली. फिल्मच्या शेवटी ते सगळं तसंच आहे, कुठं कापलेलं नाही.