कड्यावरून उडी मारण्याआधी कुणाला विचारायचे?

आमच्या गिर्यारोहण गटात नव्याने येणाऱ्या मुलामुलींपैकी काहींनी अलीकडे मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पॅराशूट लावून उडी मारता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची? या खेळाला बेस जंपिंग म्हणतात आणि मी स्वतः तो खेळत नाही. मी कातळावर चढणारा माणूस आहे आणि मुंब्र्याच्या व कान्हेरीच्या कातळांवर नव्या मुलांना दोर हाताळायला शिकवण्यात माझे बहुतेक रविवार जातात. तरीही या प्रश्नाला नुसते “वेडेपणा करू नका” असे उत्तर देऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण या खेळातील जाणती माणसे नवख्यांना ज्या पद्धतीने घडवतात ती पद्धत मी बरीच वर्षे आस्थेने समजून घेत आलो आहे, आणि आपल्या सह्याद्रीत नेमकी तीच आज उपलब्ध नाही, हे माझ्या मते त्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

पॅराशूट म्हटले की मराठी वाचकाला पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. त्यांच्या गाजलेल्या उड्या विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून मारलेल्या आहेत, म्हणजे ते स्कायडायव्हिंग. बेस जंपिंगमध्ये उडी एका जागी स्थिर असलेल्या उंच वस्तूवरून मारली जाते: इमारत, मनोरा, पूल किंवा कडा. कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथील एल कॅपिटन कड्यावरून १९७८ साली मारलेल्या उड्यांचे चित्रीकरण कार्ल बोएनिश यांनी केले आणि तेथून या खेळाला आजचे रूप येत गेले. चारही प्रकारच्या जागांवरून उडी मारलेल्या माणसाला क्रमांक देण्याची प्रथा त्यांच्याच मंडळीत सुरू झाली. त्यांची पत्नी जीन यांचा क्रमांक तिसरा आणि त्यांचा स्वतःचा चौथा. १९८४ साली नॉर्वेमधील ट्रोलवेगन या कड्यावर बोएनिश यांचा मृत्यू झाला आणि दोन वर्षांनी नॉर्वेने त्या कड्यावरून उडी मारण्यास बंदी घातली.

स्कायडायव्हिंगला संघटना आहेत, परवान्यांच्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीची परीक्षा आहे. बेस जंपिंगला जगभर मान्य असलेला असा कोणताही परवाना नाही. कोणीही पैसे भरून साहित्य विकत घेऊ शकतो आणि कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहू शकतो. त्याला थांबवणारे जे काही असते, ते जुन्या माणसांनी एकमेकांत पाळलेल्या आणि नव्यांना तोंडी सांगितलेल्या रीतींमध्येच असते. त्या रीती कागदावर नसल्या तरी सैल नाहीत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

त्या कडक का आहेत हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स गावाजवळ पेरीन नावाचा पूल आहे. स्नेक नदीपासून त्याची उंची ४८६ फूट आहे आणि तेथे वर्षभर कोणत्याही परवान्याशिवाय उडी मारता येत असल्यामुळे जगभरातील अनेक नवखे पहिली उडी तेथे मारतात. पॅराशूट उघडलेच नाही तर या पुलावरून पाण्यापर्यंत पोहोचायला सहा सेकंदही लागत नाहीत. स्कायडायव्हरच्या पाठीवर दुसरे, राखीव पॅराशूट असते. बेस जंपरकडे साधारणपणे एकच असते, कारण इतक्या कमी वेळात दुसरे उघडण्याची संधीच बहुधा मिळत नाही. त्यातही पॅराशूट उघडताना वाकडे फिरले आणि माणसाचे तोंड कड्याच्या दिशेला आले, तर कातळावर आदळण्याआधी ते वळवून घेण्यासाठी हातात एक-दोन क्षणच असतात. जे काही बरोबर करायचे ते पाय सुटण्याआधी करावे लागते, आणि म्हणूनच नवख्याला दुसऱ्या कोणाच्या तरी अनुभवावर टेकावे लागते. स्वतःच्या चुकांतून शिकण्याची सोय येथे नाही.

जाणता जंपर नवख्याला स्वीकारण्याआधी पहिला प्रश्न विचारतो तो विमानातून मारलेल्या उड्यांचा. साधारणतः दोनशे उड्या झाल्याशिवाय या, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. या आकड्यात जादू नाही, पण तेवढ्या उड्यांमध्ये हवेत शरीर स्थिर ठेवणे, पॅराशूट नेमके ठरवलेल्या जागी उतरवणे आणि गोंधळाच्या क्षणी हात आपोआप योग्य ठिकाणी जाणे, या गोष्टी अंगात मुरतात. त्यानंतर घडी घालणे येते. बेसचे पॅराशूट ज्याचे त्यानेच भरायचे असते, आणि गुरू शेजारी बसून प्रत्येक दोरी, प्रत्येक चुणी पाहतो. कमी उंचीच्या उडीसाठी स्लायडर (पॅराशूट उघडण्याचा वेग आवरणारा कापडाचा तुकडा) खाली ठेवायचा की वर, पायलट च्यूट (मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारे छोटे पॅराशूट) किती मोठा घ्यायचा, हे त्या बैठकीत शिकवले जाते. पहिल्या उड्यांच्या वेळी अनेकदा अनुभवी माणूस पुलाच्या कठड्याशी उभा राहून नवख्याचा पायलट च्यूट स्वतःच्या हातात धरतो, म्हणजे उडी पडताक्षणी पॅराशूट ओढले जाते. आमच्याकडे नवा मुलगा आधी कित्येक महिने दोर गुंडाळतो, दुसऱ्याला बिले देतो म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळतो, मागून चढतो, आणि मगच पुढे चढण्याची त्याला परवानगी मिळते. त्यामुळे हा सगळा क्रम मला अगदी ओळखीचा वाटतो.

गुरूचे सर्वांत अवघड काम मात्र वेगळे आहे. ते नाही म्हणण्याचे. वारा ठीक नसेल, शिष्य उतावळा झाला असेल, किंवा केवळ चेहऱ्यावरून काही तरी बिघडलेले दिसत असेल, तर साहित्य पाठीवर घेऊन आल्या वाटेने खाली उतरायचे. चांगल्या मंडळीत असे परत फिरणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही आणि उडी मारणार असलेल्याला कोणी चेव आणत नाही. हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे मुंबईहून रात्रभर प्रवास करून पहाटे सुळक्याच्या पायथ्याशी पोहोचलेल्या गटात “एवढे आलो आहोत तर” हे शब्द किती सहज उच्चारले जातात, हे प्रत्येक आरोहकाला ठाऊक आहे.

दुसरा नियम साहित्याविषयी आहे. ज्या साहित्याची ओळख नाही ते घालून उडी मारू नये, हे सांगायला सोपे वाटते. १९९९ च्या जूनमध्ये फ्रँक गँबाली हे एल कॅपिटनवरून उडी मारून सुखरूप उतरले, पण तेथे उड्यांना बंदी असल्यामुळे उद्यानाचे रेंजर पाठलाग करत असताना मर्सेड नदीत बुडाले. उड्यांना परवानगी मिळावी या मागणीसाठी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेथे जाहीर निषेधाच्या उड्या ठरल्या. आपले साहित्य जप्त होईल म्हणून जॅन डेव्हिस या अनुभवी जंपरने उसने साहित्य घेतले होते. त्यांच्या नेहमीच्या साहित्यात पायलट च्यूट पाठीकडे असे आणि या साहित्यात तो पायाशी होता. पॅराशूट उघडले नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. इतक्या जाणत्या व्यक्तीच्या बाबतीत हे घडले, तर वापरलेले साहित्य ऑनलाइन स्वस्तात मिळते आहे म्हणून मागवू पाहणाऱ्या मुलाशी मी आवाज चढवून बोललो तरी तो मला क्षमा करील, असे वाटते.

आणि तिसरा नियम, ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले: कोणत्याही नव्या जागी उडी मारण्याआधी तेथील स्थानिक जंपरना विचारायचे. स्थानिक माणसाला वारा कधी फिरतो, उतरण्याची जागा कोणाच्या मालकीची आहे आणि कोणत्या वेळी तेथे जाऊ नये, हे ठाऊक असते. शिवाय पाहुणा उडी मारून निघून जातो आणि परिणाम मागे राहणाऱ्यांना भोगावे लागतात. योसेमिटीमध्ये १९८० साली उद्यान प्रशासनाने परवाने देऊन काही आठवडे या उड्यांना मुभा दिली होती. नियम मोडणाऱ्यांमुळे ती त्याच वर्षी काढून घेतली गेली आणि आजतागायत परत मिळालेली नाही. उलट वेस्ट व्हर्जिनियातील ८७६ फूट उंचीच्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावर ऑक्टोबर महिन्यातील एका शनिवारी अधिकृतपणे उड्या मारता येतात, आणि ती प्रथा १९८० पासूनच आहे. स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात जंपर ज्या कुरणांत उतरतात ती शेतकऱ्यांची आहेत. तेथील उंच वाढलेले गवत तुडवले गेले तर ते नीट कापता येत नाही आणि गुरांच्या चाऱ्याचे नुकसान होते. म्हणून जंपर एक कार्ड विकत घेतात, त्याचे पैसे शेतकऱ्यांकडे जातात, आणि उडीपूर्वी हेलिकॉप्टर तळाला कळवण्याची रीत पाळली जाते. नवख्याला वाऱ्याइतक्याच काळजीने गवताविषयी सांगितले जाते, हे ऐकून मला त्या मंडळींविषयी आदर वाटला.

आता मुंबईकडे येतो. लोअर परळ-वरळीच्या बाजूला उभे राहत असलेले मनोरे पाहून काही मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी पाहिली आहे. त्यांना मी एवढेच सांगतो की, रात्री एखाद्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरून कोणी उडी मारली आणि चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली, तर सकाळी नोकरी जाईल ती फाटकावरच्या वॉचमनची. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर यांसारख्या उडत्या साधनांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, तेव्हा कायद्याच्या बाजूनेही यात पळवाट शोधण्यात अर्थ नाही. खाली रस्ता, विजेच्या तारा, झाडे, माणसे आणि दोन इमारतींमधून कसाही वळणारा वारा असताना सुरक्षित उतरण्याची जागा कोठे सापडणार, हा प्रश्न तर आणखी वेगळा.

राहता राहिला कोकणकडा. त्याचे आकर्षण मला समजते, कारण माझेही अनेक हिवाळे त्याच्या काठावर गेले आहेत. पण तो आत वळलेला कडा आहे आणि कोकणातून येणारा वारा त्या वाटीत शिरून वर उसळतो; काठावरून टाकलेली हलकी वस्तू पुन्हा वर येते, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. जो वारा पर्यटकाला गंमत वाटतो तोच पॅराशूटला कातळाकडे ढकलू शकतो. तो कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि काठापासून किती अंतरावर शांत असतो, हे जंपरच्या नजरेने वर्षानुवर्षे पाहून सांगू शकेल असा गुरू येथे मला भेटलेला नाही. आम्ही आरोहक तो वारा दोराला लटकलेल्या माणसाच्या अनुभवातून ओळखतो, आणि ते ज्ञान वेगळे आहे.

मग येथे विचारायचे कोणाला? कड्याच्या तळाशी बेलपाडा आहे, तेथील माणसे आहेत. वर पाचनई आणि खिरेश्वर आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असल्यामुळे वनविभाग आहे. आणि काही बिघडले तर अपरात्री दोर खांद्यावर टाकून निघणारी, स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून हे काम करणारी बचाव पथकातील मुले आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांनी सह्याद्रीतून किती जणांना बाहेर काढले आहे हे मी वेगळे सांगायला नको. माझ्या मते या जागेचे स्थानिक म्हणजे हे सगळे लोक. येथे पहिली उडी कोणी बेफिकीरपणे मारली आणि अपघात झाला, तर बंदी केवळ उड्यांवर येऊन थांबणार नाही. काठावर जाणे, मुक्काम करणे, कदाचित आरोहणही बंद होईल, आणि बेलपाड्यात व पाचनईत वाटाड्याचे काम करून किंवा जेवण देऊन चार पैसे मिळवणाऱ्या घरांना त्याची झळ बसेल.

हिमालयात याच खेळाचे एक उदाहरण आहे, आणि ते मुलांना सांगताना मला बरे वाटते. २००६ साली हीदर स्वॉन आणि ग्लेन सिंगलमन या ऑस्ट्रेलियन दांपत्याने गढवालमधील मेरू शिखरावर ६,६०४ मीटर उंचीवरून विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखांसारखे कापड असलेला पोशाख, घालून उडी मारली. सिंगलमन यांनी १९९२ सालीच पाकिस्तानातील ग्रेट ट्रँगो टॉवरवरून उडी मारलेली होती. हीदर मात्र या जगात नवख्या होत्या; गिर्यारोहण, स्कायडायव्हिंग आणि मग बेस अशा पायऱ्यांनी त्या तेथपर्यंत पोहोचल्या आणि त्यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे दिली. प्रत्येक पायरीवर जाणता माणूस सोबत होता.

आमच्या पिढीच्या आरोहकांनाही एक विनंती आहे. अशा मुलाला गटातून हाकलून देऊ नका किंवा त्याची टिंगल करू नका. तो तुमच्याशी बोलायचा थांबला तर चित्रफिती पाहून शिकेल, आणि त्या चित्रफितींमध्ये वारा बिघडल्यामुळे परत फिरलेला दिवस सहसा नसतो. त्याला दोर, गाठी, हवामान वाचणे, प्रथमोपचार आणि सोबत्याची जबाबदारी घेणे आपण शिकवू शकतो. बेसचे शिक्षण आपल्याकडे नाही, हेही त्याला स्पष्ट सांगायला हवे.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे आहे. भारतात स्कायडायव्हिंगची सोय मोजक्या ठिकाणी आहे; तेथे किंवा परदेशात रीतसर प्रशिक्षण घेऊन आधी त्या दोनशे उड्या पूर्ण करा, मग ज्या ठिकाणी गुरू आहेत तेथे जाऊन पुलावरची उडी त्यांच्या देखरेखीखाली शिका, आणि ते पुरे झाले असे तुम्ही नव्हे तर त्यांनी म्हणू द्या. यात काही वर्षे जातील आणि पैसेही बरेच लागतील. त्यानंतरही कोकणकड्याचा विचार मनात असेल, तर त्या गुरूंना घेऊन या. वनविभागाकडे अर्ज करण्यापासून बेलपाड्यातील मंडळींशी बोलण्यापर्यंत आणि एक पूर्ण हिवाळा काठावर बसून वाऱ्याच्या नोंदी करण्यापर्यंत मी आणि माझे सोबती तुमच्याबरोबर असू. त्या नोंदी पाहून तुमचे गुरू येथून उडी नको म्हणाले, तर तो निर्णयही आम्ही तितक्याच मनापासून मान्य करू.