शून्य डिग्री, फ्रीझिंग रेन आणि टोरांटो ते मुंबई

डिसेंबरात टोरांटोहून भारतात यायचं तिकीट काढलं रे काढलं की मावशीचा फोन ठरलेला. "अगं तिथे उणे पंचवीस असतं म्हणे, विमान उडतं तरी कसं? पंख गोठत नाहीत का?" आता मावशी स्वतः मुंबई-दिल्ली करते, आणि ते विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा खिडकीबाहेर भर मे महिन्यातही उणे चाळीसच्या आसपास असतं हे तिला सांगितलं की म्हणते काहीतरीच काय. पण खरंच आहे. विमानाला थंडीचं विशेष कौतुक नसतं, उलट थंड हवा दाट असते त्यामुळे पंखांना उचल जास्त मिळते आणि इंजिनंही खुशीत चालतात. आमच्याकडे कडकडीत उणे पंचवीस, निळं आकाश, कोरडी हवा असा दिवस असेल तर मी निवांत बॅगा भरते.

हां, अशा थंडीत खाली जमिनीवर काम करणाऱ्या माणसांचे मात्र हाल होतात. बॅगा चढवणारे, विमान ढकलणारे, इंधन भरणारे, हे सगळे उघड्यावर असतात, वाऱ्यात चेहऱ्याची कातडी काही मिनिटांत बधिर होते, मग त्यांना आळीपाळीने आत पाठवावं लागतं आणि सगळंच रेंगाळतं. जानेवारी २०१४ मध्ये तर टोरांटोच्या पिअरसन विमानतळाने थंडीमुळे यंत्रं गोठतायत आणि माणसांना धोका आहे म्हणून अमेरिका-कॅनडातून येणारी विमानं काही तास थांबवली होती. पण असं क्वचितच.

मला धास्ती वाटते ती शून्याची. शून्य, उणे एक, उणे दोन. वर ढगाखाली गरम हवेचा थर आणि जमिनीलगत गार हवा अडकलेली, असं झालं की पाऊस पाणी म्हणूनच पडतो आणि जिथे टेकतो तिथे बर्फ होतो. झाड, वीजेच्या तारा, गाडीचं दार, घराची पायरी, सगळ्यावर काचेचा थर. याला इथे फ्रीझिंग रेन म्हणतात. २०१३ च्या डिसेंबरात ख्रिसमसच्या तोंडावर याच प्रकाराने टोरांटोत तीन लाखांच्या आसपास वीजग्राहक अंधारात गेले होते, फांद्या तारांवर कोसळून. स्नो परवडला, तो फावड्याने उचलता तरी येतो.

तर यंदा भाच्याची मुंज, म्हणजे जायचं तर होतंच, आणि नेमका निघायच्या दिवशी फोनवर फ्रीझिंग रेनचा इशारा. नवरा तासातासाला वेदर ॲप बघतोय आणि मी घर बंद करतेय. भारतात घर बंद करायचं म्हणजे गॅस बंद, कुलूप, शेजारी किल्ली. इथे हिवाळ्यात हीटिंग पूर्ण बंद करून चालत नाही, पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात आणि परत येऊन बघावं तर बेसमेंटचा तलाव झालेला असतो. म्हणून थर्मोस्टॅट कमी करायचा पण चालू ठेवायचा, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ मोकळे करायचे, शिवाय इन्शुरन्सच्या कागदात बहुतेकदा असतंच की हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कुणीतरी येऊन बघून जायला हवं, नाहीतर क्लेम विसरा. आमच्या शेजारच्या पंजाबी आंटी ते करतात आणि वर त्यांचा मुलगा आमचा ड्राइव्हवेही साफ करतो. त्या बदल्यात येताना चितळ्यांची बाकरवडी, हा करार पक्का आहे.

लहान पोरं असली की आणखी एक भानगड, ती इकडे नवीन आलेल्यांना कोणी सांगत नाही. मुलांना जाड फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बांधायचं नाही. पट्टा घट्ट वाटतो पण तो जॅकेटवर घट्ट असतो, गाडी आपटली तर आतलं हवेचं फुगीरपण दबतं आणि पोर पट्ट्यातून सुटतं. म्हणून गाडी आधी गरम करायची, पोरांना नुसत्या स्वेटरमध्ये बसवायचं आणि वरून ब्लँकेट. हे सगळं करताना धाकट्याचा एक बूट हरवला, मोठीला शू लागली, आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आमच्या समोरून हळूहळू जातोय त्याला ओव्हरटेक करायचं नाही हे मी नवऱ्याला सांगतेय. ४०१ हायवेवर रस्ता तेवढा वाईट नव्हता, मीठ टाकलेलं होतं, पण एक्झिटच्या वळणावर दोन गाड्या कडेला तिरक्या होऊन पडलेल्या दिसल्या आणि मग आमच्या गाडीत कोणी बोललं नाही.

बोर्डिंग वेळेवर झालं म्हणून लोक खूश. मी नाही, कारण खरी गंमत दार लागल्यावर असते. पिअरसनला डीआयसिंगसाठी, म्हणजे विमानावरचा बर्फ काढण्यासाठी, वेगळं मोठं मैदान आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, विमान स्वतः चालत तिथे जातं आणि दोन्ही बाजूंनी उंच हात असलेले ट्रक येऊन फवारणी करतात. आधी नारिंगी गरम द्रव, त्याने साचलेला बर्फ निघतो. मग हिरवा, जाडसर, तो पंखावर बसून राहतो आणि नवीन बर्फ धरू देत नाही, विमान धावायला लागलं की आपोआप घसरून जातो. फवारताना केबिनची हवा आत घेणं बंद करतात तरी थोडा गोडसर वास येतोच. मोठीने नाक वर करून "पॅनकेक?" विचारलं, आणि अगदी तसाच येतो, सिरपसारखा.

पण या हिरव्या थराची मुदत असते. हलका स्नो असेल तर बरीच, हलक्या फ्रीझिंग रेनमध्ये फार थोडी, आणि जोरदार फ्रीझिंग रेन असेल तर वैमानिकांच्या तक्त्यात मुदतच दिलेली नाही, म्हणजे उडायचंच नाही. मुदत संपायच्या आत रनवेवर नंबर लागला नाही तर परत फिरा आणि परत अंघोळ घाला. आमचं तसंच झालं. पुढे विमानांची रांग, पाऊस मध्येच वाढला, कप्तान शांत आवाजात सांगतोय की आपण पुन्हा डीआयसिंगला जातोय, आणि मागच्या सीटवरचे काका मराठीतच पुटपुटले "आता हा काय पूजा घालतोय का विमानाची".

काकांना मी काही बोलले नाही, पण या पूजेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १० मार्च १९८९ ला याच ओंटारियोतल्या ड्रायडनला एक फोकर एफ-२८ जातीचं प्रवासी विमान पंखांवर बर्फ असताना तसंच उडालं. मुख्य इंजिनं ज्याने सुरू करतात ते विमानाचं छोटं सहाय्यक इंजिन नादुरुस्त होतं, त्या विमानतळावर मुख्य इंजिनं पुन्हा सुरू करून द्यायची सोय नव्हती, त्यामुळे ती चालूच ठेवावी लागली, आणि इंजिनं चालू असताना तिथे डीआयसिंग करायला परवानगी नव्हती. ६९ जणांपैकी २४ गेले. नंतर न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या आयोगाने सगळी व्यवस्थाच उलगडून मांडली आणि कॅनडातले नियम कडक झाले. आज पिअरसनला इंजिनं चालू ठेवूनच फवारणी होते. माझ्या मते तर उशीर करणाऱ्या कप्तानाला टाळ्या वाजवाव्यात. आपले लोक विमान टेकल्यावर वाजवतात ते वेगळं.

कॅनडात एक नियम बरा आहे, दार बंद करून विमान जमिनीवर तीन तास अडकलं तर प्रवाशांना उतरायची संधी द्यावी लागते, उड्डाण अगदी तोंडावर असेल तर आणखी पाऊण तास मिळतो. नवरा घड्याळ लावून बसला होता. त्याच्या आतच निघालो, पण जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून मुंबईचं कनेक्शन तोवर गेलेलंच होतं.

एकाच तिकिटावर सगळं असेल तर घाबरायचं कारण नाही, पुढची सीट कंपनीच शोधून देते. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढून हिवाळ्यात प्रवास करणाऱ्यांना मी हात जोडते. आम्हाला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं आणि हॉटेलचं कूपनही हातात आलं. ते घेऊन फ्रँकफर्टच्या इमिग्रेशनला गेलो तर काय, पोरं कॅनेडियन पासपोर्टवर, ती बाहेर जाऊ शकतात. आम्ही दोघं कॅनडाचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, पण पासपोर्ट भारतीय, आम्हाला विमानतळाबाहेर पडायला युरोपचा शेंगेन व्हिसा हवा. म्हणजे हॉटेलात राहायला पात्र कोण, तर चार वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. तिथला ऑफिसरसुद्धा हसला. मग काय, आतच फोल्डिंगच्या खाटा आणि ब्लँकेटं मिळाली, मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि बघता बघता शेजारच्या खाटांवरची एक नागपूरची फॅमिली आणि दोन तेलुगू विद्यार्थी पुऱ्यांना येऊन बसले. त्या विद्यार्थ्यांकडे लिंबाचं लोणचं होतं, हातातल्या बॅगेतून सिक्युरिटीतून ते कसं सुटलं मी विचारलं नाही.

आता उलट बाजूचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच आईबाबा जानेवारीत इकडे मुलांकडे निघणार असतील. जॅकेट, टोपी, हातमोजे चेक-इन बॅगेत टाकू नका. मुंबईला घाम येतोय म्हणून टाकतात आणि कनेक्शन चुकलं की बॅग एका शहरात आणि तुम्ही दुसऱ्या, तेही अंगात कॉटनचा झब्बा घालून. गोळ्याही हातातल्या बॅगेत, चार दिवस जास्तीच्या आणि प्रिस्क्रिप्शनसकट. लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, हिवाळ्यात किमान तीन-चार तासांचा घ्या, मुलगा म्हणेल दीड तास पुरतो, तर त्याला म्हणा तू कर दीड तासात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, चालता येत असलं तरी, लाज कसली. आणि मुलाला म्हणावं न्यायला येताना ट्रंकमध्ये एक जादा ब्लँकेट आण, पार्किंगच्या मजल्यावर गाडी सापडेपर्यंतच खरी थंडी लागते.