हा फोटो कुठला?

घरी येणारा जो तो चहाचा कप घेऊन बैठकीतल्या त्या फोटोपुढे उभा राहतो. ‘कुठला हो हा रस्ता? महाराष्ट्रातला का एमपीतला?’ परवा तुम्हीही विचारलंत आणि मी नुसतं ‘पांढुर्णा’ म्हणून विषय बदलला. एका कपात संपणारं ते उत्तर नव्हतं.

रस्ता पांढुर्ण्याच्या बाजारातला. नागपूरहून इटारसीकडे निघालं की वाटेत लागणारं, संत्र्यांचं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर दगड फेकण्याची गोटमार खेळणारं गाव. आज ते मध्य प्रदेशात आहे. २०२३पासून तर जिल्ह्याचं ठिकाण. पण फोटोमागे पेन्सिलीनं ‘दिवाळी १९५४’ लिहिलंय. तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती आपलं नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला. पांढुर्णा होतं तिथंच राहिलं. मग आता सांगा, हा रस्ता कोणाचा?

फोटोत दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या आहेत, सायकल धरून उभा एक टोपीवाला, आणि ऐन वेळी मान हलवल्यामुळे दोन तोंडांचं झालेलं कुत्रं. उजवीकडच्या पाटीवर भिंग धरलं तर ‘किराणा’ वाचता येतं. ‘किराना’ नाही, चांगला ठसठशीत ‘ण’. गाव मराठी असल्याचा हा पुरावा मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवत आलो. दुकान मारवाड्याचं होतं, हे आजीनं फार उशिरा सांगितलं.

आजीचं माहेर तिथलं. १९५५मध्ये लग्न होऊन ती नागपुरात, महाल भागात आली. ‘परराज्यातली सून’ म्हणून कोणी चिडवलं की म्हणायची, ‘मले काही दुसऱ्या राज्यात देल्लं नव्हतं बापा. राज्यच मंग दुसरं झालं.’

तिचं घर मात्र फोटोत नाही. म्हणजे होतं. काच फुटली तेव्हा मी फोटो फ्रेमवाल्याकडे दिला आणि त्यानं मापात बसवायला डावी कड दोन बोटं कापून टाकली. मी त्याच्याशी भांडलो. कापलेला तुकडा काही मिळाला नाही. आजी भांडली नाही. कोणी विचारलं, की ती फ्रेमच्या डावीकडे, नुसत्या भिंतीवर बोट ठेवायची आणि सांगायची, ‘हे आमचं दार.’