तुर्कस्तानची पाटी आणि गोव्याचा प्रश्न : अभिरूप सुरक्षा परिषदेचा वृत्तांत

पणजीनजीकच्या एका शिक्षणसंस्थेत श्रावणात भरलेल्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेला मी शिरोड्याहून प्रतिनिधी म्हणून गेले होते. विद्यार्थी या उपक्रमाला सरसकट ‘एमयूएन’ (मॉडेल युनायटेड नेशन्स) म्हणतात. त्यात प्रत्येकाने एकेका देशाचा प्रतिनिधी बनून चर्चा आणि मतदान करायचे असते. माझी समिती सुरक्षा परिषदेची होती आणि विषय आपल्या दारातलाच होता : भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यानंतर पोर्तुगालने केलेली तक्रार, तारीख १८ डिसेंबर १९६१. मला देश मिळाला तुर्कस्तान. त्या दिवशी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यासह भारताविरुद्धचा ठराव मांडणाऱ्यांत तुर्कस्तान होता, हे घरी सांगितले तेव्हा आजोबा “म्हणजे तू आमच्याविरुद्ध बोलणार तर!” एवढेच म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, देशाविषयीची सर्वसाधारण माहिती गोळा करण्यात वेळ दवडू नये. राजधानी, लोकसंख्या, चलन यांचा समितीत काडीचाही उपयोग होत नाही. आपल्या देशाने कोठे, कशावर, काय मत दिले हे आधी शोधावे. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात सुरक्षा परिषदेच्या बैठकांचे शब्दशः इतिवृत्त विनामूल्य मिळते. गोव्यासाठी ९८७ आणि ९८८ या क्रमांकांच्या बैठका वाचाव्यात. छापील इतिहासग्रंथांसाठी पणजीतील पाटो येथले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बसस्थानकावरून चालत जाण्याइतके जवळ आहे.

या इतिवृत्तातून जे हाती लागते ते कोणत्याही तयार टिपणात सापडत नाही. परिषदेपुढे दोन मसुदे होते. पहिल्यात ताबडतोब शस्त्रसंधी करावी आणि भारताने आपले सैन्य १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी मागे घ्यावे, अशी मागणी होती. सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त) यांच्या दुसऱ्या मसुद्यात पोर्तुगालची तक्रार फेटाळून त्या देशाने भारतातील वसाहती संपुष्टात आणण्यासाठी सहकार्य करावे, असे म्हटले होते. पहिल्याला सात मते पडली, विरोधात चार, आणि त्या चारांत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार (कायम सदस्याला एकट्याने ठराव रोखता येतो तो, व्हेटो) असल्यामुळे तो बारगळला. दुसऱ्याच्या बाजूने चार आणि विरोधात सात मते पडली, त्यामुळे तोही संमत झाला नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या समितीची सगळी तयारी त्याभोवतीच करायला हवी. त्या वेळी परिषदेचे सदस्य अकरा होते आणि ठराव संमत होण्यास सात मते लागत. आजची पंधरा सदस्यांची आणि नऊ मतांची रचना १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुरुस्ती अमलात आल्यानंतरची. म्हणजे पाश्चात्त्यांकडे लागतील तेवढीच मते होती, एकही जास्त नव्हते. चिली किंवा इक्वेडोर यांपैकी कोणीही तटस्थ राहिले असते, तर सोव्हिएत प्रतिनिधीला नकाराधिकार वापरण्याची गरजच पडली नसती. त्यामुळे तुर्कस्तानच्या प्रतिनिधीचे खरे काम व्यासपीठावर कमी आणि चिली व इक्वेडोर यांच्या शेजारी बसून अधिक असते. समितीत पाठोपाठ तीन प्रतिनिधींनी “नऊ मते हवीत” असे ठणकावून सांगितले आणि अध्यक्षांनी तिघांनाही खाली बसवले. ऐतिहासिक समिती असेल तर त्या तारखेचे नियम, त्या तारखेची नावे आणि त्या तारखेपर्यंतच्याच घटना एवढ्यावर राहावे. चीनची जागा तेव्हा तैपेईच्या (तैवानमधील) सरकारकडे होती, आणि १९ डिसेंबरच्या पोर्तुगीजांच्या शरणागतीचा उल्लेख केलात तर आक्षेप येणारच.

आपल्या देशाची दुखरी बाजू आणि झाकलेली बाजू दोन्ही माहीत असाव्यात. तुर्कस्तान १९५२ पासून नाटो या पाश्चात्त्य लष्करी संघटनेत होता आणि पोर्तुगाल त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, हे विरोधक पहिल्याच फेरीत काढतात. उलट, वसाहतींना स्वातंत्र्य देण्यासंबंधीचा ठराव १५१४ आमसभेत १४ डिसेंबर १९६० रोजी आला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल तटस्थ राहिले होते. तुर्कस्तानने मात्र बाजूने मत दिले होते. लायबेरियाच्या प्रतिनिधीची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली : “वसाहतवादाच्या बाजूने बोलताना लाज वाटत नाही का?” मी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहिली, “आमचा आक्षेप बळाच्या वापराला आहे, सनदेचे कलम २, उपकलम ४ पाहावे” अशी ओळ जोडली आणि ती अध्यक्षांमार्फत परत पाठवली. अशा चिठ्ठ्यांनाही गुण असतात, म्हणून त्या वाचता येतील अशा अक्षरात लिहाव्यात.

चिली माझ्या बाजूला राहिला. इक्वेडोरचा प्रतिनिधी जेवणाच्या सुटीत सिलोनच्या गटात जाऊन बसला आणि मतदानात तटस्थ राहिला. ठराव सहा मतांवर पडला. सोव्हिएत प्रतिनिधीने नकाराधिकाराचे जोरकस भाषण पाठ करून आणले होते, ते तसेच राहिले, आणि तो दिवसभर आमच्यावर रुसून होता. जेवणाची सुटी ही सुटी नसते, एवढे यावरून लक्षात घ्यावे.

भाषणाला नव्वद सेकंद मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी मुद्दे आधी मराठीत मांडावेत, मग इंग्रजीत लहान वाक्ये करावीत आणि घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहावीत. ओघवत्या इंग्रजीपुढे दबून जाण्याचे कारण नाही, कारण अशा बऱ्याच भाषणांत एकही दस्तऐवज नसतो. इतिवृत्ताची पाने छापून न्यावीत, कारण सभागृहात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.

प्रवासाचे थोडक्यात. फोंड्याहून बाणस्तारी, जुने गोवे मार्गे पणजीला बस सहज मिळते, मात्र चतुर्थीच्या खरेदीमुळे या दिवसांत ती खचाखच भरलेली असते. कोट अंगावर न घालता पिशवीतून न्यावा आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून चपलांवर जावे. समारोप हमखास लांबतो आणि रात्री फोंड्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या बसगाड्या विरळ होतात, त्यामुळे शेवटच्या बसची वेळ सकाळीच स्थानकावर विचारून ठेवावी आणि बक्षिसांची घोषणा ऐकायची असेल तर घरच्या कोणाला तरी फोंड्यापर्यंत दुचाकी घेऊन यायला सांगावे.