जिन्याखालची उचकी

रविवारी दुपारी जेवून आडवी झाले होते. बाहेर मिनेसोटाचा जानेवारी, म्हणजे काचेतून बघण्यापुरता. घरात सगळं गप्प. तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला, बुडुक. मी पडल्या पडल्या आकडे मोजायला लागले. अकराला पुन्हा बुडुक. म्हणजे सगळं मजेत चाललंय.

जिन्याखालच्या कपाटात 19 लिटर बीअर आंबत ठेवली आहे. झाकणाला एक भोक, भोकात वाकडी नळी, नळीत दोन बोटं पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. एवढंच ते यंत्र. पण यीस्ट घालून बारा तास झाले तरी त्यानं तोंड उघडलं नाही की रात्रीतून मी चारदा उठून बघून येते. नवरा म्हणतो, लेक तान्ही होती तेव्हा तू इतकी उठत नव्हतीस. हे खोटं आहे, पण अगदीच खोटं नाही.

आता कबूल करते की मला बीअर फारशी आवडत नाही. अर्धा ग्लास पुरतो. पन्नासेक बाटल्या निघतात, त्या वाटून टाकते, दिवाळीचा फराळ वाटावा तशा. मला आवडतं ते करणं. त्यातही शनिवार सकाळ. मोड आणून वाळवलेले, भरडलेले सातू गरम पाण्यात पडतात आणि मग तासभर ते पाणी 67 अंशांच्या आसपास राखत बसायचं. त्या तासात घरभर एक वास सुटतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता.

धाकटा भाऊ सहा महिन्यांचा झाला तेव्हा आजीनं त्याच्यासाठी नाचणीचं सत्त्व केलं होतं. नाचणी रात्रभर भिजवून, आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पुरचुंडी खुंटीला टांगली. वरून पाणी शिंपडायचं काम माझं. मी शिंपडायची कमी आणि फडकं सोडून बघायची जास्त. "सारखं बघितलं की मोड लाजतात," म्हणून आजीनं एक धपाटाही दिला होता. दोन दिवसांनी फडक्यातून पांढरे धागे बाहेर डोकावले. मग नाचणी सावलीत वाळवली, चोळून मोड पाखडले, लोखंडी कढईत मंद भाजली. तोच हा वास. किंचित गोड, किंचित भाजका, थोडा गोठ्यातल्या पेंढ्यासारखा. खीर भावासाठी होती, पण पातेलं चाटायचा हक्क माझा होता.

आजीला एवढं पक्कं ठाऊक होतं की मोड आणले की खीर खळीसारखी घट्ट होत नाही, पातळ राहते, बाळाला पचते. दाण्याला मोड फुटताना आत जे पाचक द्रव्य तयार होतं ते पिष्टाची साखर करतं. बीअरवाल्याला हीच साखर यीस्टला खायला घालायची असते. म्हणजे आजी फक्त एक पायरी अलीकडे थांबली. हा शोध मी उत्साहानं आईला फोनवर सांगितला. त्यानंतर चार दिवस तिचा फोन आला नाही.

गेल्या वर्षी ती इथे आली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाली, "अगं, जिन्याखाली कोणीतरी उचक्या देतंय." दाखवल्यावर एकच शब्द, "हातभट्टी?" मी म्हटलं, हातभट्टीत गाळतात, मी नुसती आंबवते. घरी गाळायला इथेही बंदी आहे. इथली दारूबंदी 1933 सालीच उठली. तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली आणि बीअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांची सही झाली 1978 साली. आता दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर चालतात. "साडेसातशे!" ज्या राज्यात 1949 च्या कायद्यानं प्यायलाही परवाना काढावा लागतो तिथून ती आलेली. डोळे मोठे करून जावयाकडे बघत राहिली. तो बिचारा चहा पीत होता.

पण मन वळलं ते बाटल्या भरायच्या दिवशी. यात खरी मेहनत धुण्याची. बाटल्या, नळ्या, बुचं, पळ्या, सगळं आधी घासायचं, मग जंतुनाशक पाण्यातून काढायचं. एखादा चुकार जंतू शिरला की पन्नास बाटल्या व्हिनेगर. आईनं मदतीला म्हणून एक बाटली उचलली आणि मी ओरडले, "हात लावू नकोस, ती स्वच्छ करून ठेवलीय!" तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आणि मग हसायलाच लागली. तीस वर्षं सासूबाईंचं सोवळं पाळलं, म्हणाली, आता लेकीचं. तेही दारूसाठी.

सातूचा ओला चोथा टाकून द्यायला तिचा जीव होईना. त्यात कांदा, तिखट, कोथिंबीर आणि भाजणी घालून तिनं थालीपिठं लावली. चव चांगली होती, पण टरफलं संध्याकाळपर्यंत दातांतून काढत बसलो. पुन्हा तो उद्योग कोणी केला नाही.

आता ती सांगलीहून फोन करते तेव्हा आधी नातीची चौकशी, मग थंडीची, मग हळूच, "उचकी लागतेय का अजून? कोण एवढी आठवण काढतंय त्याची?" आज तिला सांगायला हवं की अकराला लागतेय. आठवडाभरात तिशीच्या पुढे जाईल, मग थांबेलच.

सातपर्यंत मोजल्याचं आठवतंय. उठले तेव्हा अंधार पडला होता.