वूस्टरचा उन्हाळा आणि सोलापुरी चादर

लेकीला इंग्लंडमधल्या वूस्टरला नोकरी लागून चार वर्षं झाली. "बाबा, या ना" हे तिचं दर सुट्टीत ठरलेलं, आणि दर सुट्टीत माझं शाळेचं काहीतरी निघायचं. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि आम्ही दोघांनी सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा काढला. कागदपत्रं, बोटांचे ठसे वगैरे बिनबोभाट पार पडलं. मार्चअखेर पोचलो. मनात एकच होतं, तिथलं न्यू रोडचं क्रिकेटचं मैदान बघायचं. मी श्रीरामपूरचा, म्हणजे झहीर खानच्या गावचा, आणि २००६ साली भारतीय संघाबाहेर असताना तो वूस्टरशर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, संघाकडून ज्या मैदानावर राबला ते हेच.

पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक हातात घेतलं आणि बेत बदलावा लागला. मला वाटत होतं, उन्हाळाभर क्रिकेट असेल. पण काउंट्यांच्या चॅम्पियनशिप स्पर्धेचे चार दिवसांचे सामने बरेचसे एप्रिल-मेमध्ये आणि मग पुन्हा सप्टेंबरात. मधले महिने मुख्यतः ट्वेंटी-२० आणि एकदिवसीय सामन्यांचे. १८ काउंट्या, दोन विभाग, प्रत्येकीचे १४ सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. मग लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी घरचे सामने लाल पेनानं मांडले आणि उरलेल्या जागेत नाटकं आणि जेवणं बसवली. जो कुणी जाणार असेल त्यानं हेच आधी करावं. विमानाची तिकिटं काढण्याआधी केलं तर उत्तमच.

एप्रिलमधला पहिला दिवस आम्ही थंडीनं अर्ध्यावर सोडला. ऊन दिसतं, पण सेव्हर्न नदीवरून येणारा वारा हाडात शिरतो. दुसऱ्या दिवशी हिनं बॅगेतून सोलापुरी चादर काढली. "अहो, ही घ्या. लाजायचं काय त्यात?" बघतो तर आजूबाजूचे सगळे म्हातारे गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसलेले. तेव्हापासून पिशवीत चादर, थर्मास, पोळीभाजीचा डबा आणि पेन ठरलेलं. पेन स्कोअरकार्डासाठी. छापील कार्ड विकत मिळतं आणि विकेट पडली की जो तो आपापल्या कार्डावर लिहून घेतो.

खेळ अकराला सुरू होतो, दिवसाला ९६ षटकं. आपल्याकडच्या सामन्याची सवय असलेल्याला पहिला तास रिकामा वाटेल. ढोल नाही, घोषणा नाही. चेंडू बॅटच्या मधोमध लागल्याचा आवाज पार कुंपणाशी येतो. पाहुण्या संघाच्या फलंदाजाचं अर्धशतक झालं तरी मनापासून टाळ्या पडतात. नदीपलीकडे कॅथेड्रल, त्याची घंटा तासातासाला. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी एकदाही फोन बघितला नाही. चाळीस वर्षं तासांच्या घंटेवर जगलेल्या माणसाला हे किती मोठं सुख आहे, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

लेडीज पॅव्हेलियनमधला चहा-केक मात्र चुकवू नये. रांगेत थोडं लवकर उभं राहावं. लिंबाच्या पाकात भिजलेल्या केकचा जाड तुकडा कागदी बशीत येतो, वरची साखर दाताखाली किंचित करकरते. हिला क्रिकेटमध्ये फारसा रस नव्हता, पण तिथल्या बायकांशी तिची रेसिपींची देवघेव सुरू झाली आणि सप्टेंबरपर्यंत ती आपणहून "आज सामना आहे ना?" विचारू लागली.

मे महिन्यात शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, भारतात कुठले? मी म्हटलं, झहीरच्या गावचा. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "Seventy-eight wickets" म्हणाले, आणि एसेक्सविरुद्ध एका डावात घेतलेले नऊ बळी बोटांवर मोजून दाखवले. त्या एका हंगामानंतर झहीर भारतीय संघात परतला, हे आम्हाला गावात ठाऊक होतंच. पण तो कुठल्या टोकानं गोलंदाजी करायचा, हे मला त्या माणसानं उभं राहून दाखवलं. माझा गळा दाटून आला.

जून-जुलै नाटकांचा. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड गाडीनं तासाभरावर. तिथल्या नाटकांतली त्याची इंग्रजी कानाला जड जाईल याची धास्ती होती. लेकीनं शोधून कॅप्शन असलेला प्रयोग निवडला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी काही ठरावीक प्रयोगांना संवाद पडद्यावर उमटतात. आमच्यासारख्यांनाही त्याचा मोठा आधार होतो. शिवाय मी गोष्ट आधी वाचून गेलो होतो. रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला आहे, नट हाताच्या अंतरावरून जातात, त्यांचा श्वास ऐकू येतो. मध्यंतरात बटाटेवडा नाही, आइस्क्रीमचा छोटा डबा, चमचा झाकणातच. तरी तिसरी घंटा झाल्यावर पोटात जे होतं, ते इथेही तेच.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण आम्ही शाकाहारी. पबमध्ये बहुतेक ठिकाणी टेबलाशी कुणी येत नाही. टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे. रविवारी दुपारी आधी टेबल राखून ठेवावं लागतं. पण एक गोष्ट जीव लावून गेली, जवळच्या इव्हशमचा ॲस्परॅगस. एप्रिलच्या तेवीस तारखेपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंतच त्याचा हंगाम. कोवळ्या देठांवर फक्त लोणी आणि मीठ. आपल्याकडे हुरड्याची जशी वाट बघतात, तशी तिथे या भाजीची.

सप्टेंबरात पुन्हा न्यू रोड. सकाळी गवतावर दव, चारनंतर सावल्या लांब. हे मैदान हिवाळ्यात पुराखाली जातं. कॅथेड्रलखालच्या जुन्या वेशीवर पुरांच्या खुणा कोरल्यात, त्यातली १९४७ची खूण आमच्या डोक्याच्या वर. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेक्षकांना मैदानात जाऊ दिलं. आम्ही दोघं खेळपट्टीच्या दोरीपर्यंत चालत गेलो. आजोबांनी दाखवलेल्या त्या टोकाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. हिनं फोटो काढला.

स्कोअरकार्डं सगळी जपून आणलीत. चादर लेकीकडेच ठेवली. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक निघालं की आधी मला पाठव, असं तिला बजावून आलोय.